ब्रेनरबाईंचा चेंडू कुठे पडला

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्याकडच्या रस्त्यांवर द्राक्षांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागची ट्रॉली काठोकाठ भरलेली असते, वळणावर थोडा रस सांडतो आणि मग दिवसभर तिथे गांधीलमाश्या घोंघावत राहतात. गावागावांतून आंबूस-गोड वास सुटतो. अंगणांत बाकं मांडली जातात आणि अजून फसफसणारी नवी वाइन प्यायला, तिच्याबरोबर कांद्याचा गरम केक खायला लुडविग्सहाफेनहून, मानहाइमहून माणसं येतात. सगळ्यांना हा ऋतू आवडतो. मलाही आवडायला हवा. मी नाशिककडची, द्राक्षांच्या वासातच वाढले. आमच्याकडे काढणी होळीच्या आधी, उन्हं तापायला लागली की. इथे थंडी पडायला लागली की, एवढाच काय तो फरक. पण समोर ट्रॅक्टरचा तो नारिंगी, लुकलुकता दिवा दिसला की माझे हात स्टिअरिंगवर आवळले जातात. इतकी वर्षं झाली, तरी आवळले जातात.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जर्मनीने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला होता. शरद उजाडला तरी काही बाल्कन्यांत झेंडे तसेच लोंबत होते, उन्हाने विटलेले. नितीन, माझा नवरा, लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट. मुलगी ईरा दहा वर्षांची. मी नाशिकला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. इथे येऊन पाच वर्षं झाली होती आणि मी काहीच शिकवत नव्हते. आम्ही शहराबाहेर, द्राक्षमळ्यांच्या एका गावात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण, फ्राऊ ब्रेनर. आमच्या घरात त्यांचं नाव ब्रेनरबाई.

शहात्तर वर्षांच्या, ताठ, उंच, कमी बोलणाऱ्या. जन्मभर जमीन मोजणीच्या सरकारी कचेरीत नकाशे काढण्याचं काम केलेलं. त्यामुळे बोलणंसुद्धा मोजून. जिन्यात भेटल्या की 'गुटेन टाग, फ्राऊ काळे,' एवढंच. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मुलगा येन्स हॅनोव्हरला इंजिनिअर. रविवारी त्याचा फोन येई आणि त्या दिवशी खालून त्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा, थोडा जास्त आनंदी ऐकू येई.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या एक पत्र घेऊन वर आल्या. चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, जरा वाचून दाखवाल का, म्हणाल्या. पत्र आरोग्य विम्याचं होतं. मी अडखळत वाचलं. चार दिवसांनी दुसरं पत्र. तिसऱ्या वेळी मी वाचता वाचता वर बघितलं, तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या कानाकडे बघत होत्या. चष्मा त्यांच्या गळ्यात साखळीला लटकलेला होता.

मला काय कळलं ते त्यांना कळलं. स्वयंपाकघराच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, एखादी तक्रार नोंदवावी तसं. डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग पडला होता आणि तो वाढत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझा चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागे. डॉक्टर डोळ्यांत सुया देत होते, त्याने वेग कमी होईल एवढंच. येन्सला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं की तो घर विकायला लावणार आणि हॅनोव्हरला वृद्धांच्या सोयीच्या एखाद्या घरात नेऊन ठेवणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

'त्याला सांगू नका,' त्या म्हणाल्या.

मी कबूल केलं. नितीनला रात्री जेवताना सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आपण भाडेकरू आहोत, त्यांच्या घरातल्या गोष्टीत पडू नकोस. मग थोडं थांबून म्हणाला, तसंही घर विकलं तर आपल्यालाच बाहेर पडावं लागेल. ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मी गप्प राहिले त्यात माया किती आणि स्वार्थ किती, याचा हिशेब मला आजही नीट लागत नाही.

*

आठवड्याभराने त्यांनी विचारलं, गोल्फच्या मैदानावर माझ्याबरोबर चालाल का?

मी गोल्फ फक्त टीव्हीवर, चॅनेल बदलताना पाहिला होता. त्या म्हणाल्या, खेळायचं नाही, नुसतं चालायचं. या देशात गाडी चालवायला परीक्षा द्यावी लागते तशी मैदानावर खेळायलाही द्यावी लागते. पण सोबत चालायला परीक्षा नाही. दर शरदात त्या आणि नवरा तीन ठिकाणी खेळायला जात. एक इथलं, मळ्यांमधलं. दुसरं नदीपलीकडे ओडेनवाल्डच्या डोंगरात. तिसरं दूर उत्तरेला, ल्युनेबुर्गच्या माळावर. ती तिन्ही त्यांना या वर्षी एकदा खेळायची होती. पुढच्या वर्षाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

पहिल्या दिवशी सकाळी दव इतकं होतं की माझे बूट दहा पावलांत भिजले. मैदानाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा, त्यांत वाकलेली माणसं, कात्र्यांचा आवाज. ब्रेनरबाईंनी मला काम समजावून दिलं. त्या उभ्या राहिल्या की गोल्फच्या काठीचं टोक चेंडूच्या मागे नेमकं टेकवायचं आणि झेंड्याच्या दिशेने त्यांचे खांदे वळवायचे. अंतर पावलांत सांगायचं. स्वतःच्या बुटाच्या टोकाकडे पाहिलं की चेंडू त्यांना कडेला पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसे. फटका मारला की मात्र त्यांच्यासाठी चेंडू नाहीसाच होई. मग त्या मान किंचित कलती करून विचारत, 'वो?' कुठे?

आणि मी सांगायची. डावीकडे, उंच गवतात. मधोमध, एकशे वीस पावलं. वाळूत. छिद्राजवळ पोचलो की मी झेंड्याची काठी हाताने टकटक वाजवायची आणि त्या आवाजाच्या रोखाने त्या चेंडू ढकलायच्या. पाच वर्षं क्लासला जाऊन जे जर्मन मला आलं नव्हतं, ते त्या तीन आठवड्यांत आलं. कुणाला तरी माझ्या शब्दांवरून पाऊल टाकायचं होतं. चुकीचा शब्द चालणार नव्हता.

पंच नसलेला हा खेळ. आपली चूक आपणच सांगायची, आपला आकडा आपणच लिहायचा. ब्रेनरबाई आकडे सांगायच्या, मी कार्डावर लिहायची. सात. आठ. एकदा अकरा. त्या अकरासुद्धा तितक्याच सरळ आवाजात सांगत.

एवढं सगळं छान होतं. पण मैदानावर जायला गाडी लागे, आणि गाडी त्या चालवत.

त्यांची जुनी, लांबलचक, गिअरची गाडी. त्यांना गावातला प्रत्येक रस्ता पाठ होता. चर्चनंतर चौदापर्यंत आकडे मोजायचे आणि वळायचं, असं. मी शेजारी बसून बोलत राहायची. समोर सायकल आहे. सिग्नल लाल आहे. ट्रॅक्टर येतोय. त्या 'या, या,' म्हणजे हो, हो, म्हणत, जणू त्यांना दिसलंच होतं. माझ्याकडे जर्मन लायसन्स होतं, तिसऱ्या प्रयत्नात मिळालेलं. पण मी ईराच्या संगीतशाळेपलीकडे कधी गाडी नेली नव्हती. ऑटोबानचा, म्हणजे इथल्या महामार्गाचा, नुसता फलक दिसला तरी माझे तळवे घामेजत. म्हणून मी शेजारच्या सीटवर बसून, दार घट्ट धरून, मनात देवाचं नाव घेत राहिले. चालवू नका, एवढं म्हणायची हिंमत झाली नाही. त्या म्हणाल्या असत्या, मग तुम्ही चालवा.

एकदा घरी आल्यावर ईराने विचारलं, मी कुठे गेले होते. मराठीत सांगितलं. तिने जर्मनमध्ये विचारलं, ज्या आजीला दिसत नाही ती गाडी कशी चालवते? मी तिला म्हटलं, थोडं दिसतं. मुलीशी खोटं बोलताना माझी नजर आपोआप तिच्या कानाकडे गेली.

*

ओडेनवाल्डला गेलो तो दिवस स्वच्छ होता. सप्टेंबरअखेर. डोंगरउतारावर बीचची झाडं पिवळी पडायला लागलेली आणि मैदान चढउतारांचं. ब्रेनरबाई दमत होत्या. नवऱ्याबरोबर याच उतारावर पाणी प्यायला कुठे थांबायचे, ते सांगत होत्या, आणि त्यांचे फटके एकामागून एक बिघडत होते. चौथ्या छिद्राला चेंडू तळ्यात गेला. मी 'डावीकडे, काठावर' म्हणाले. खिशात आम्हाला सापडलेले दोन-तीन जुने चेंडू असत. त्यातला एक काढून मी काठावर गवतात ठेवला. त्या खूश झाल्या. सहाव्याला चेंडू झाडीत हरवला, तेव्हाही मी तेच केलं. आठव्यालाही.

आठव्या छिद्रातून चेंडू काढताना त्या थांबल्या. अंगठ्याने चेंडू चोळून पाहू लागल्या. त्यावरचे खळगे बोटाने चाचपत राहिल्या.

'हा माझा चेंडू नाही,' त्या म्हणाल्या.

मी झेंड्याची काठी सरळ केली.

'असे किती?'

'तीन.'

त्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. मी समोर उभी, शाळेत पट्टी खायला उभं राहावं तशी. डोंगराखालून कुठूनतरी लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. मग माझ्या कानाकडे, म्हणजे माझ्या डोळ्यांत बघत त्या म्हणाल्या, 'फ्राऊ काळे, मला तुमचे डोळे हवे आहेत. दया नको. दया करायला माझा मुलगा आहे.'

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कळलं नाही. उठून त्या परत चौथ्या छिद्राकडे चालू लागल्या. दमल्या होत्या तरी चढ चढून गेल्या, तळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि तिथून पुढची सगळी छिद्रं पुन्हा खेळल्या. तळ्यातल्या चेंडूचा दंड धरून. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना नुसतं खरं सांगितलं. चेंडू हरवला. चेंडू वीस पावलंसुद्धा गेला नाही. फटका बसलाच नाही, चेंडू पायाशीच आहे. प्रत्येक वेळी सांगताना माझा जीव वरखाली होई आणि त्या मात्र 'आल्झो', बरं तर, म्हणून पुढचा फटका मारायला उभ्या राहत.

परतताना मी बोलायला हवं होतं. दिवसभर खरं बोलून जीभ मोकळी झाली होती, तरी गाडीचा विषय मी काढला नाही. ऱ्हाइनवरचा पूल ओलांडला, शहर मागे पडलं, मळे सुरू झाले. संध्याकाळचे पाच-साडेपाच वाजले असतील. ऊन अगदी समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येत होतं. मलाच नीट दिसत नव्हतं.

डावीकडच्या मळ्यातून एक ट्रॅक्टर हळूहळू रस्त्यावर येत होता आणि त्याच्या पुढे, रस्त्याच्या उजव्या कडेने, तोडणीची एक बाई हातात बादली घेऊन चालत होती. मी ट्रॅक्टर पाहिला, तिलाही पाहिलं. मला वाटलं ब्रेनरबाईंनी पाहिलं असेल, कारण ट्रॅक्टर येतोय असं मी म्हणाले आणि त्या 'या, या,' म्हणाल्या. ट्रॅक्टरला जागा द्यायला म्हणून त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. सरळ त्या बाईच्या अंगावर.

मी ओरडले. मराठीत ओरडले, 'थांबा, थांबा'. जर्मन शब्द सुचलाच नाही. त्यांना मराठी येत नव्हतं, पण पाय ब्रेकवर गेला. ती बाई चरात पडली होती. बादली आमच्या चाकाखाली चिरडली होती आणि सगळीकडे द्राक्षं.

ती उठली. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. तिच्या भाषेत ती काहीतरी बोलत होती, बहुधा रुमानियन, आणि रडत होती, आणि मी तिचे दोन्ही हात धरून मराठीत तिला विचारत होते, लागलं का, कुठे लागलं. ट्रॅक्टरवाला उतरून आला. उन्हाला शिव्या घातल्या. सगळ्यांनी उन्हावरच ढकललं. त्या बाईने स्वतःच हात हलवून जा म्हटलं.

ब्रेनरबाई गाडीतून उतरल्या नव्हत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत.

मी त्यांच्या खिडकीशी गेले. म्हणाले, 'दोष उन्हाचा नव्हता. मी तिला पाहिलं होतं, तीस पावलं आधी. तुम्हाला ती दिसलीच नाही.'

त्यांनी मान हलवली. मग दार उघडून उतरल्या, बॉनेटला हात लावत लावत दुसऱ्या बाजूला गेल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. घर दोन किलोमीटरवर होतं. मी ती गाडी पहिल्या गिअरमध्येच घरी आणली.

*

पुढचे तीन दिवस त्या दिसल्या नाहीत. मी जिन्यातून जाता-येता त्यांच्या दाराशी रेंगाळायची. आत रेडिओ चालू असे. मला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की चरात पडलेली ती बाई दिसे, आणि तिच्या जागी चरातून न उठणारी बाई दिसे. नितीन म्हणाला, येन्सला फोन कर आणि मोकळी हो. मी म्हटलं, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, कुणाचा जीव गेला असता तर शब्दाचं काय केलं असतंस? तो बरोबर होता.

चौथ्या दिवशी त्यांनी दार वाजवलं. हातात गाडीची किल्ली.

'माळावर तुम्ही न्याल का?' त्यांनी विचारलं. 'हॅनोव्हरवरूनच जावं लागतं. येन्सकडे एक रात्र राहू.'

सव्वाचारशे किलोमीटर, सगळं ऑटोबान. मी हो म्हणाले आणि दार लावून घेतल्यावर तिथेच जमिनीवर बसले.

शाळेला शरदाची सुट्टी लागेपर्यंत आम्ही रोज सराव केला. त्या शेजारी बसून कानाने मला गाडी शिकवत. इंजिनचा आवाज ऐकून म्हणत, आता चौथा टाका. ऑटोबानला मिसळताना मी कचरले की म्हणत, घाबरलात तर हळू होऊ नका, वेग घ्या. मग सुट्टीत निघालो. कासेलच्या घाटात पाऊस लागला तेव्हा दोन्ही बाजूंना मालवाहू ट्रक, काचेवर त्यांच्या चाकांचं पाणी, वायपर चालूनही पुढचं दिसेना. मला दिसत नाहीये, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात का? दिसतात. मग त्यांच्यामागे राहा. तेवढं पुरतं.

पुढे चार वर्षं मी त्याच रस्त्याने दर शरदात हॅनोव्हरला गेले, एकटी, गाणी लावून. आता जायला कारण उरलेलं नाही. पण आजही तो घाट लागला तर मी गाणी बंद करीन.

येन्सने दार उघडलं ते आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत. पन्नाशीचा, आईसारखाच उंच, एकटा राहणारा. त्याने सूप केलं होतं. जेवण झाल्यावर ब्रेनरबाई विश्रांतीला गेल्या आणि मी ताटल्या उचलायला लागले, तेव्हा त्याने विचारलं, 'आईने तिची गाडी आजवर कुणाला दिली नाही. बाबांनासुद्धा कुरकुरत द्यायची. तुम्हाला का दिली?'

माझ्या हातात ताटली होती. नळ चालू होता. दिलेला शब्द एका बाजूला आणि चरात पडलेली ती बाई दुसऱ्या बाजूला. मी नळ बंद केला आणि म्हणाले, 'उद्या तुम्ही बरोबर चला.'

मी खोलीत जाईपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला.

*

ल्युनेबुर्गचा माळ ऑगस्टात जांभळ्या फुलांनी भरतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा फुलोरा केव्हाच ओसरला होता. सगळीकडे तपकिरी झुडपं, पांढऱ्या खोडांची बर्चची झाडं आणि धुकं. येन्स काठ्यांची पिशवी ओढत होता. पहिल्या छिद्रापाशी ब्रेनरबाई उभ्या राहिल्या. मी रोजच्या सवयीने पुढे झाले, वाकून काठीचं टोक चेंडूमागे टेकवलं, त्यांचे खांदे धरून झेंड्याकडे वळवले.

मागे वळून पाहिलं तेव्हा येन्सचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला सगळं कळलं होतं.

त्यांनी फटका मारला. चेंडू उजवीकडे वळला आणि बर्चच्या झाडीत गेला. त्यांनी मान कलती केली, विचारलं, 'वो?'

मी तोंड उघडायच्या आत येन्स म्हणाला, 'छान गेला, आई. अगदी मधोमध.'

ब्रेनरबाई त्याच्याकडे वळल्या नाहीत. तशाच उभ्या राहून त्यांनी विचारलं, 'फ्राऊ काळे?'

'उजवीकडे,' मी म्हणाले. 'झाडीत. शंभरेक पावलं. सापडेल का सांगता येत नाही.'

'गेनाऊ,' अगदी बरोबर, त्या म्हणाल्या. 'आवाज तसाच होता. येन्स, जा, शोध. पाच मिनिटं मिळतात.'

तो गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मीही झाडीत गेले. चेंडू त्याच्या बुटाशी पडला होता आणि तो तोंडावर हात धरून उभा होता. कधीपासून, त्याने विचारलं. मी सांगितलं, मला सप्टेंबरपासून माहीत आहे. गाडी चालवत होती? हो. तुम्ही शेजारी बसला होतात? हो. मग मी ट्रॅक्टरचं सांगितलं, त्या बाईचं सांगितलं, बादलीचंही. काही राखून ठेवलं नाही. तो माझ्यावर चिडला. आवाज चढवला नाही, पण म्हणाला की एका फोनचं काम होतं आणि तुम्ही तो केला नाहीत. मी ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा ब्रेनरबाई काठीवर दोन्ही हात टेकवून धुक्यात उभ्या होत्या.

'सगळं सांगितलंत?' त्यांनी मला विचारलं.

'हो.'

'बरं झालं,' त्या म्हणाल्या. 'मला जमत नव्हतं.'

त्या दिवशी अठराच्या अठरा छिद्रं खेळून झाली. पहिली काही येन्स आमच्यामागून, दहा पावलं अंतर ठेवून चालला. पाचव्याला त्याने पिशवी माझ्याकडे दिली आणि झेंड्यापाशी जाऊन उभा राहिला. काठी वाजवायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मघापासून बघून समजलं होतं. तो वाजवत राहिला. चेंडू छिद्राच्या पुढे गेला. 'चुकला,' तो म्हणाला, 'दोन हात पुढे, डावीकडे.' त्याने बरोबर सांगितलं.

*

घर विकायचं ब्रेनरबाईंनी स्वतः ठरवलं. त्या नाताळात आम्हाला वर येऊन सांगितलं, उभ्यानेच, जसं पत्र वाचायला आणायच्या तसं. नितीनने शांतपणे ऐकलं. त्या गेल्यावर तो खिडकीशी उभा राहिला, बाहेर मळ्यांत वेली नुसत्या काड्या होऊन उभ्या होत्या. तो म्हणाला, इथे बरं चाललं होतं. एवढंच. मला ओरडला असता तर सोपं गेलं असतं. ईराला शाळा बदलावी लागली. लुडविग्सहाफेनला चौथ्या मजल्यावर घर मिळालं, खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसणारं. तिने महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं, जर्मनमध्येही नाही.

कधी कधी वाटतं, मी तेव्हा सप्टेंबरमध्येच फोन केला असता तर त्या बाईला चरात पडावं लागलं नसतं. आणि कधी वाटतं, केला असता तर ब्रेनरबाई त्या तीन मैदानांवर गेल्याच नसत्या. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकत्र धरायला मला अजून जमत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी येन्स त्यांना हॅनोव्हरला न्यायला आला. सामान आधीच गेलं होतं. गाडीत दोन सूटकेस, एक दिवा आणि गोल्फची पिशवी. वेलींना डोळे फुटायला लागले होते. मी फाटकापर्यंत गेले. अशा वेळी बोलायचं जर्मन मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला आणि त्यांनी सोडला नाही.

'माझं नाव इल्झे,' त्या म्हणाल्या. 'आजपासून मला 'दू' म्हण.'

पाच वर्षं एका छताखाली राहून आम्ही एकमेकींना 'झी' म्हणत आलो होतो, म्हणजे आपल्याकडचं अहो-जाहो. आणि आता निघताना, शहात्तर वर्षांच्या या बाईला अगं म्हणायचं. माझी जीभ वळेना. मान झुकवून वयाने मोठ्या माणसाशी बोलायची सवय हाडांत भिनलेली. मग आठवलं, आईला मी आयुष्यभर अगंच म्हणत आले आहे.

ती गाडीत बसली. येन्सने पट्टा लावून दिला. काच खाली होती. मी वाकले. तिचे डोळे माझ्या कानाच्याही पलीकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच.

'पोचलीस की फोन कर, इल्झे,' मी म्हणाले.